हातापासून दात्यांपर्यंत

पोर्शे ९१४ या गाडीची चेष्टा करायची तर सुरुवात गिअरपासून करायची, अशी जुन्या गाड्यांच्या शौकिनांत रीतच आहे. दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो. पहिला शोधता शोधता रिव्हर्सची खरखर ऐकू येते. न्यूट्रलमध्ये दांडा डावी-उजवीकडे असा झुलतो की त्याचा गाडीच्या मागच्या भागाशी काही संबंध असेल यावर विश्वास बसत नाही. चेष्टा निराधार नाही. पण तिचा रोख बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतो. बदनाम होतो गिअरबॉक्स, आणि खरे गुन्हेगार असतात हाताच्या मुठीत मावतील इतके थोडे प्लास्टिकचे बुश. गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचा खर्च केल्यावर हे कळलं तर मनस्ताप व्हायचाच.

या गाडीत हाताला गिअरपर्यंत पोहोचायला इतका लांबचा रस्ता का धरावा लागतो, हे आधी पाहू.

साठच्या दशकाच्या अखेरीस फोक्सवागनला आपल्या कारमान घिआची जागा घेणारी गाडी हवी होती आणि पोर्शेला ९१२ ची. फोक्सवागनचे प्रमुख हाइन्रिश नोर्डहॉफ आणि फेरी पोर्शे यांच्यात तोंडी समझोता झाला आणि एकाच गाडीवर दोन्ही कंपन्यांचं भागवायचं ठरलं. एप्रिल १९६८ मध्ये नोर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेल्या कुर्ट लोट्झ यांनी त्या समझोत्याचा अर्थ वेगळा लावला, आणि स्वस्तात पडणारी गाडी पोर्शेला महाग पडू लागली. तरीही सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९१४ उभी राहिली. चार सिलिंडरच्या गाडीत फोक्सवागन ४११ मधलं १.७ लिटरचं इंजिन होतं, ८० अश्वशक्तीचं. ९१४-६ मध्ये पोर्शेचं दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. १९७६ पर्यंत एक लाखाहून अधिक गाड्या बनल्या. आज शौकिनांच्या हाती दिसणाऱ्या बहुतेक गाड्या चार सिलिंडरच्याच.

इंजिन मधोमध, म्हणजे माणसांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. रस्त्याला धरून चालण्यासाठी ही जागा उत्तम. गिअरबॉक्ससाठी मात्र नवं काही बनवायला पैसे नव्हते, म्हणून पोर्शे ९११ चाच गिअरबॉक्स घेतला. तो ९०१ या क्रमांकाच्या घराण्यातला. इथेच सगळी गंमत सुरू होते. ९११ मध्ये इंजिन मागच्या टोकाला आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. गिअर बदलणारा आतला रॉड गिअरबॉक्सच्या नाकातून बाहेर येतो आणि सरळ चालकाच्या दिशेनं निघतो. अंतर कमी, वळणं कमी. ९१४ मध्ये इंजिन पुढे आलं, म्हणून गिअरबॉक्स उलटा फिरवून मागे बसवला. तसाच बसवला असता तर गाडीला पाच रिव्हर्स आणि एकच पुढचा गिअर मिळाला असता. ते टाळण्यासाठी आतलं मोठं क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. चाकांचा प्रश्न सुटला, पण गिअरबॉक्सचं नाक आता गाडीच्या शेपटाकडे झालं होतं.

म्हणून सुरुवातीच्या ९१४ मध्ये गिअरच्या रॉडला असा प्रवास करावा लागतो: दांड्याच्या बुडापासून मधल्या बोगद्यातून मागे, इंजिनच्या आडभिंतीतून बाहेर, गरम इंजिनाच्या खालून, अख्ख्या गिअरबॉक्सला वळसा घालून शेपटापर्यंत, आणि तिथून पुन्हा आत. हा वळसा कोणाच्या हौसेपोटी आलेला नव्हता. आहे तेच वापरून नवी गाडी बनवायची म्हटलं की कुठेतरी असा हिशेब चुकवावा लागतो, आणि इथे तो चालकाच्या उजव्या हातानं चुकवला. १९७३ च्या मॉडेलपासून रचना बदलली आणि रॉड गिअरबॉक्सच्या बाजूनं आत जाऊ लागला. वळसा गेला, सांधे सुटसुटीत झाले आणि गिअर लक्षणीय सुधारले. जुन्या ९१४ चा सौदा करताना जाणकार आधी खाली वाकून हेच पाहतात: रॉड शेपटात जातो की बाजूत.

असाच पेच लोटस युरोपाच्या वाट्याला आला. १९६६ च्या या गाडीत रेनॉ १६ चं इंजिन आणि गिअरबॉक्स मागे फिरवून बसवले होते, आणि तिच्याही गिअरबद्दल चालकांच्या तक्रारी जवळपास याच.

आता रॉड नेमकं काय करतो ते. त्याला दोन कामं आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखता आली पाहिजेत. दांडा डावी-उजवीकडे हलवला की रॉड स्वतःभोवती थोडासा फिरतो. त्यानं गिअरची ओळ निवडली जाते. दांडा पुढे-मागे केला की रॉड सरकतो. त्यानं त्या ओळीतला एक गिअर पडतो. ९१४ मध्ये अशा तीन ओळी आहेत. डावीकडच्या ओळीत वर रिव्हर्स आणि खाली पहिला. मधल्या ओळीत दुसरा आणि तिसरा. उजवीकडे चौथा आणि पाचवा. शर्यतीत पहिला गिअर सुटल्यावर पुन्हा फारसा लागत नाही, पण दुसरा-तिसरा सतत लागतात. म्हणून ते समोरासमोर ठेवण्याची ही जुनी पद्धत. पोर्शेनं ९११ मध्ये १९७२ च्या मॉडेलपासून ती सोडली, ९१४ नं शेवटपर्यंत ठेवली.

या मांडणीत सरकण्यातला सैलपणा त्रासदायक असतो, पण फिरण्यातला सैलपणा घातक. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हाताला डावीकडच्या ओळीतून मधल्या ओळीत यायचं असतं आणि लगेच पुढे ढकलायचं असतं. रॉड पुरेसा फिरलाच नाही तर तुमचा हात मधल्या ओळीत असतो आणि गिअरबॉक्समधलं ओळ निवडणारं बोट अजून डावीकडच्या ओळीत. पुढे ढकललं की समोर रिव्हर्स. धावत्या गाडीत तो पडत नाही, पण त्याचे दाते घासल्याचा आवाज चालक जन्मभर विसरत नाही. उलट बाजूनं, हात जरा जास्त उजवीकडे गेला की दुसऱ्याऐवजी चौथा.

हा सैलपणा एका जागी जमत नाही, म्हणून तो सापडत नाही. दांड्याच्या बुडाशी गोळा असतो आणि तो प्लास्टिकच्या वाटीत बसतो. पुढे आडभिंतीत रॉडला आधार देणारा बुश. मग पुढचा आणि मागचा रॉड जोडणाऱ्या सांध्यातले बुश. शेवटी गिअरबॉक्सजवळच्या जोडणीतले. कानगोष्टींच्या खेळात प्रत्येक जण निरोप किंचितच बदलतो, पण शेवटच्या कानात भलतंच काही पोहोचतं, तसं हे आहे. थोडा हिशेब करून पाहा. समजा प्रत्येक सांध्यात फक्त अर्धा मिलिमीटर मोकळीक आहे आणि सांधे चार आहेत. म्हणजे एकूण दोन मिलिमीटर. दांड्याची मूठ टेकूपासून जितकी लांब आहे त्याच्या सहाव्या हिश्शाइतकंच खालचं टोक लांब आहे असं धरलं, तर मुठीशी हीच मोकळीक बारा मिलिमीटर होते. दोन शेजारच्या ओळींत हाताला जेमतेम काही सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यातला जवळपास सव्वा सेंटिमीटर हवेतच गेला तर गिअर अंदाजानंच टाकायचे.

बुश झिजतात त्यापेक्षा जास्त ते वाळतात. इंजिनाच्या खालून जाणाऱ्या रॉडचे सांधे वर्षानुवर्षं तापतात, गार होतात, वरून तेल ठिबकतं, रस्त्यावरची वाळू लागते. ग्रीस मातीत मिसळून घासणीसारखा लेप बनतो. रबरी टोपण फाटलं की हे काम दुप्पट वेगानं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं प्लास्टिक अंगठ्यानं दाबलं तरी कडकन तुटतं. अनेक गाड्यांत आडभिंतीतला बुश उरलेलाच नसतो. धातूचा रॉड धातूच्या भोकात खडखडत असतो आणि मालकाला वाटत असतं की या गाडीचा आवाजच असा.

तरीही पाना हातात घेण्याआधी पाय तपासायचा. क्लच नीट सुटत नसेल तर जगातलं सर्वोत्तम लिंकेजही, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची रॉड-सांध्यांची माळ, गिअर टाकू शकत नाही. ९१४ मध्ये क्लचची केबल मधल्या बोगद्यातल्या एका नळीतून जाते, आणि त्या नळीचे वेल्डिंग सुटण्याबद्दल ही गाडी कुप्रसिद्ध आहे. वेल्डिंग सुटलं की पेडल दाबल्यावर केबलऐवजी नळीच सरकते, पायाची मेहनत तिथेच जिरते. मागे गिअरबॉक्सपाशी केबल एका प्लास्टिकच्या चाकावरून वळते. ते चाक किंवा त्याची पट्टी तुटलेली असली तरी लक्षण तेच.

वेगळं कसं करायचं? इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. दात्यावर दाता आला तर गाडी हातभर ढकला आणि पुन्हा पाहा. बंद इंजिनावर सगळे गिअर सरळ पडतात आणि चालू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स खरखरतात, तर संशय क्लचवर. बंद इंजिनावरही ओळ सापडत नाही, दांडा भलत्या जागी अडतो, तर लिंकेज. बाकी सगळं ठीक आणि एकच गिअर, समजा दुसरा, चालत्या गाडीत दर वेळी कुरकुरतो, तर मात्र गिअरबॉक्सच्या आतल्या सिंक्रोनायझरकडे, म्हणजे वेग जुळवणाऱ्या भागाकडे, बोट जातं. गिअर पडतो पण अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की उडतो, तर गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी माउंट आधी पाहावेत. रॉड गाडीच्या अंगाला धरून आहे आणि गिअरबॉक्स रबरावर हलतो आहे. रबर फाटलं की गिअरबॉक्स स्वतःच रॉडला ओढून गिअर सोडवतो. या चार लक्षणांतच निम्म्याहून अधिक गाड्यांचं निदान होतं असं माझं मत आहे. गिअरबॉक्स उघडायचा विचार त्यानंतरचा.

मग गाडीखाली जायचं. चाकांना ठोकळे, गाडी भक्कम स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. एक माणूस आत बसून दांडा हळूहळू डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा खाली पडून प्रत्येक सांधा पाहतो. प्रश्न एकच: सांध्याची अलीकडची बाजू हलू लागल्यावर पलीकडची बाजू लगेच हलते, की थोडं थांबून? थांबते तिथे मोकळीक. बोट ठेवलं तर नजरेच्याही आधी जाणवते. मग हेच पुढे-मागे करून. असं पाहत गेलं की अनेकदा एक सांधा बाकी सगळ्यांच्या तिप्पट दोषी निघतो. तरीही बुश बदलायचेच तर सगळे एकदम बदलावेत. त्यांची एकत्रित किंमत कमी असते, आणि खाली पडण्याचे कष्ट तेवढेच. खाली आहातच तर बॅटरीच्या खालची, गाडीच्या उजव्या बाजूची जागाही टॉर्चनं पाहा. बॅटरीतलं आम्ल गळून तिथला पत्रा आणि सस्पेन्शनचा आधार खाल्ला जाणं हा ९१४ चा सर्वांत मोठा शत्रू, आणि त्यापुढे गिअरची रडकथा किरकोळ.

सांधे खोलण्याआधी खुणा करायच्या. रॉड ज्या सांध्यात आवळलेला आहे तिथे रंगाचा किंवा टोकदार ओरखड्याचा माग: रॉड किती आत आहे आणि कोणत्या कोनात आहे. जोडणीत निमुळत्या टोकाचा स्क्रू रॉडमधल्या खळगीत बसतो. तो सैल झाला तर सांधा घसरतो आणि काल ठीक असलेले गिअर आज सकाळी गायब. हा स्क्रू बसवताना टोक खळगीतच गेलं आहे याची खात्री करायची. खळगीच्या काठावर आवळला तर तो आवळल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांत सुटतो. बांधायची तार असेल तर नवी ओवायची.

नवा प्लास्टिकचा बुश गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की मऊ होतो आणि न चिरता बसतो. हातोडीनं ठोकून बसवलेला बुश वरवर ठीक दिसतो, पण त्याच्या कडेला बारीक चीर गेलेली असते. ग्रीस प्लास्टिकला चालणारं, आणि बेतानं. लडबडून लावलं तर धूळ धरतं. दांड्याच्या बुडाशी असलेली स्प्रिंग आणि पट्टीही तपासायची. डावीकडच्या ओळीत जाताना हाताला जो विरोध जाणवायला हवा, तो त्यांच्याकडूनच येतो. पट्टी झिजली की पहिल्या आणि रिव्हर्सच्या ओळीत हात नकळत घसरतो.

जुळवणी हा या कामाचा सगळ्यांत कमी समजलेला भाग. तत्त्व साधं आहे: गिअरबॉक्स त्याच्या न्यूट्रलमध्ये, दांडा त्याच्या न्यूट्रलमध्ये, आणि मधला सांधा ढिला. दोन्ही टोकं आपापल्या मध्यावर आली की सांधा आवळायचा. चूक होते ती अशी की लोक दांडा डोळ्यांना सरळ दिसतो म्हणून तो मध्यावर आहे असं धरतात. डावीकडे आणि उजवीकडे किती जातो हे हातानं मोजून मध्य काढावा लागतो. आवळल्यावर पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहायचे, आणि प्रत्येक गिअरमध्ये दांडा त्याच दिशेनं आणखी किंचित दाबून पाहायचा. गिअर पूर्ण बसल्यावर दांडा आणखी थोडा गेला पाहिजे. दांडा बोगद्याच्या कडेला टेकला म्हणून थांबला असेल, तर आत दाते अर्धेच गुंतले आहेत. असा गिअर आज टिकतो, पण भार पडला की उडतो, आणि दर उडण्यानं दात्यांचे कोपरे गोल होत जातात. स्वस्त बुशामुळे महाग गिअरबॉक्स जातो तो याच वाटेनं.

पोर्शेचा त्या काळचा सिंक्रोनायझर वेगळ्या धाटणीचा. त्यात एक चिरलेली पोलादी कडी असते आणि गिअर पडताना ती फुगून वेग जुळवते. फेरारी आणि आल्फा रोमिओनंही ही रचना वापरली. तिला थोडा वेळ द्यावा लागतो. घाई केली की ती झिजते. लिंकेज सैल असलं की चालक ओळ सापडेपर्यंत दांडा झटकतो, आणि झटका नेमका त्या कडीवर बसतो. उभ्या गाडीत पहिला टाकण्याआधी क्षणभर दुसरा टाकून मग पहिला टाकायची जुन्या चालकांची सवय याचसाठी. फिरणारा शाफ्ट दुसऱ्यात थांबतो आणि पहिल्याच्या कडीवरचा भार हलका होतो.

बाजारात आता पितळी आणि डेल्रिनचे बुश मिळतात. डेल्रिन हे कडक, घर्षण कमी असलेलं प्लास्टिक. त्यांनी गिअर नेमके वाटतात हे खरं. पण धातूचा बुश इंजिनाची कुरकुर थेट हातापर्यंत आणतो, आणि कोरडा पडला की रॉडच झिजवतो. बुश बदलणं सोपं, रॉड मिळवणं अवघड. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला मूळ प्रकारचं नवं प्लास्टिक पुरेसं आहे असं मला वाटतं. शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी. शेपटात जाणारं लिंकेज काढून १९७३ नंतरचं बाजूचं बसवण्याचीही पद्धत आहे. त्यासाठी नुसते रॉड पुरत नाहीत, गिअरबॉक्सचं झाकण आणि आतले काही भागही बदलावे लागतात. तो खर्च करण्याआधी एकदा सगळे बुश नवे घालून गाडी चालवून पाहावी. पहिल्या तीन वर्षांतली गाडी हीसुद्धा आपल्या जागी चांगलीच आहे: १९७० च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ९१४-६ जीटी सहावी आली आणि आपल्या वर्गात पहिली.

लांब लिंकेजचं दुखणं मुंबईकरांनाही नवं नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटमध्ये आणि नंतरच्या प्रीमियर पद्मिनीमध्ये बरीच वर्षं गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ होता, आणि तिथून रॉड, सांधे नि बुश यांची माळ खाली गिअरबॉक्सपर्यंत जायची. टॅक्सीवाला बॉनेट उघडून हातानं काहीतरी ओढून पुन्हा बसताना अनेकांनी पाहिला असेल; तो अडकलेलं लिंकेज सोडवत असायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. रॉडची अशी माळ सोडून पोर्शेनं ९११ मध्ये केबल आणल्या त्या १९९७ च्या ९९६ या पिढीपासून. केबल वाकून कुठूनही जाते, म्हणून सांधे कमी झाले. पण ताणली किंवा आवरणात घासली की दुरुस्ती नाही, बदलीच.

जुळवणी झाली की गाडी वीसेक किलोमीटर चालवून, इंजिन पूर्ण तापवून, मग पुन्हा सगळे गिअर तपासावेत. थंड गाडीत सरळ पडणारा रिव्हर्स गरम गाडीत अडखळतो, कारण मधल्या काळात माउंट मऊ झालेले असतात आणि रॉड वाढलेला असतो. तो फरक दिसला तर सांधा पुन्हा ढिला करून दांडा केसभर सरकवायचा, आवळायचा, आणि या वेळी स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. पुढच्या वेळी खाली वाकल्यावर तो सरकलाय की नाही हे त्या ठिपक्यावरून लगेच दिसतं.